उंबरटेपच्या लाल खुंट्या

मुक्काम उंबरटेप, ता. मुरबाड
(शहापूर तालुक्याची हद्द आमच्या खोलीच्या न्हाणीमागून जाते, त्यामुळे अंघोळीचं पाणी शहापुरात पडतं)
शुक्रवार, मे महिन्यातला तिसरा

आदरणीय महेंद्रमामा,

भाचीचा सप्रेम जयभीम. मी इकडे ठणठणीत आहे, फक्त उजव्या पायाचा अंगठा तेवढा सोडून, कारण परवा त्याच्यावर टिकाव पडला (माझाच, माझ्याच हातातून). तुमचा गुडघा कसा आहे? तेल खरंच लावता, की बाटली थोडी उलटी करून मामीला लावलं म्हणून सांगता? मामीचं बीपी आता ताब्यात असेल. ते तसंच ताब्यात राहावं म्हणूनच मी फोन न करता पत्र लिहिते आहे. तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मामी शेजारी भाजी निवडत बसलेली असते. तेव्हा हे पत्र एकट्याने वाचा, बसून वाचा आणि चहा पिऊन झाल्यावर वाचा. माझ्यासोबत काम करणारा लखमा ते तुमच्याच हातात देईल. दार मामीने उघडलं तर मी मीटर बघायला आलोय असं म्हणायला त्याला सांगितलंय, तेवढा वेळ मीटर दाखवा.

सगळ्यात आधी, मामीने सापगावात मी इंजिनियर झाले म्हणून जे पसरवलंय ते कृपया आवरा. मी भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला मिळालंय ते सहा महिन्यांचं प्रशिक्षण. त्याचं पूर्ण नाव ‘विविध पार्श्वभूमींच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पाणलोट व्यवस्थापनातील करिअरसाठी सज्ज करणारी समार्गदर्शक सवेतन इंटर्नशिप’ असं आहे. (बाबांनी त्यातला ‘सवेतन’ एवढाच शब्द वाचला आणि सही केली.) आम्ही पाच जण आहोत आणि पाचही जण विविध आहोत. संस्थेच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढला तेव्हा आम्हाला उंचीप्रमाणे उभं न करता पार्श्वभूमीप्रमाणे उभं केलं, त्यामुळे मी मितेशच्या मागे पूर्ण झाकले गेले आणि त्या फोटोत माझी पार्श्वभूमी आहे, पण मी नाही. हा मितेश वाशिंदच्या कमळाकरशेठचा मुलगा. शेठ प्लॉट विकतात. मितेशने आयुष्यात डोंगर पाहिला होता तो फक्त वडिलांच्या प्लॉटिंगच्या जाहिरातीत, म्हणून त्याला डोंगरावर पाठवण्यात आलं. लखमा इथलाच, वरच्या पाड्यातला. कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो हे त्याला तोंडपाठ. त्याला कॉम्प्युटरवर बसवलं, कारण स्थानिक युवकांना कॉम्प्युटर आला पाहिजे असं धोरण आहे. आता मितेश डोंगरावरून फोन करून विचारतो की ओढा कुठे आहे, आणि लखमा खोलीतून त्याला सांगतो की तू ओढ्यातच उभा आहेस.

सहा महिन्यांनी आमच्यातल्या एकाला कायमची जागा मिळणार आहे, गटसमन्वयक म्हणून. उरलेल्या चौघांना प्रमाणपत्र आणि पाण्याची बाटली. मला जागा मिळाली नाही तर काय होणार ते तुम्हाला माहीतच आहे. बाबांनी त्यांच्या कंपनीतल्या पॅकिंगच्या सुपरवायझरशी बोलून ठेवलंय. एक जूनपासून मी डब्यावर झाकण बसवायचं आणि झाकणावर लेबल लावायचं, आणि हे बाबा निवृत्त होतील तोवर आणि नंतर मी निवृत्त होईन तोवर. मामा, मला ते नको आहे. मला हे आवडतं. उन्हात फिरणं, जमिनीचा चढउतार बघणं, पाणी कुठून येईल आणि त्याला कुठे बसवायचं हे शोधून काढणं, हे मला जमतं आणि करावंसं वाटतं. घरी हे कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजत उन्हात फिरलात आणि तरी तुम्ही मला कधी त्रासलेले दिसला नाहीत.

‘समार्गदर्शक’मधले मार्गदर्शक म्हणजे भगीरथसर. सर चौतीस वर्षं भातसानगरला धरणावर होते. माणूस देव आहे, पण सबंध नोकरी पाणी मोजून मुंबईला पाठवण्यात गेल्यामुळे पाणी अडवून गावातच ठेवायचं हे त्यांच्या मनाला पटतच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी डोंगर पाहिला, डोळे बारीक केले आणि पाणी किती, कधी आणि कुठल्या बाजूने सोडायचं याचा उत्तम आराखडा अर्ध्या तासात काढून दिला. सर, आपल्याला सोडायचं नाहीये, असं मी म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. अजूनही मडक्यातून पेल्यात पाणी ओततानासुद्धा ते वेळ लिहून ठेवतात.

आता मूळ गोष्ट. डोंगरउतारावर पाणी जिरवायचं तर समपातळीत चर खणावे लागतात. त्यासाठी बांबूची ए-फ्रेम करतात, म्हणजे ए या इंग्रजी अक्षराच्या आकाराची चौकट, मधोमध दोरीला दगड. तिचे पाय टाकत टाकत उतारावरून आडवं चालायचं, दगड मधोमध थांबला की दोन्ही पाय सारख्या उंचीवर, तिथे खुंटी ठोकायची, आणि मग सगळ्या खुंट्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेने जोडायच्या. (हे तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, पण हे पत्र पुढे आणखी कुणी वाचलं तर कळावं म्हणून लिहिते.) संस्थेने आम्हाला ए-फ्रेम दिल्या, टोप्या दिल्या, टोपीवर लावायचे बिल्ले दिले, खुंट्या दिल्या नाहीत. म्हणून मार्चमध्ये मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही क्रिकेट बघत होतात. खुंट्या आहेत का, असं मी विचारलं, तुम्ही टीव्हीवरची नजर न काढता माळ्याकडे हात केला आणि मी एक अख्खं पोतं घेऊन गेले. त्यात त्या रद्द झालेल्या रस्त्याच्या मोजणीतल्या खुंट्या होत्या, लाल रंगाच्या डोक्याच्या, अंगावर पांढऱ्या रंगात आकडे घातलेल्या. मला त्या फार सुंदर वाटल्या. दोन दिवसांत आम्ही एकशे चाळीस खुंट्या ठोकल्या आणि दमून खाली येऊन झोपलो.

मामा, या भागात लाल डोक्याची खुंटी दिसली की लोकांना काय वाटतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जयराम म्हणून इथले एक शेतकरी आहेत. सकाळी ते एका खुंटीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी आकडा वाचला, दोन्ही बाजूंना पाहिलं, मला काहीही न विचारता घरी गेले आणि दुपारी शहापूरच्या नर्सरीतून टेम्पोभर आंब्याची कलमं घेऊन आले. जमीन संपादनात गेली तर फळझाडाचे वेगळे मिळतात, बांधाचे वेगळे, विहिरीचे वेगळे, पक्क्या शेडचे वेगळे, हा हिशेब इथे दुसरीतल्या मुलालाही येतो. संध्याकाळपर्यंत सगळं गाव डोंगरावर होतं. पाणलोटाची सभा ठेवली होती तेव्हा ज्या गावातले तीनच लोक आले (त्यातले एक वीजबिल कुठे भरायचं विचारायला), तेच गाव आता पहाटे पाचला फावडी घेऊन चढायला लागलं. दगडी बांध घातले. पडक्या विहिरीतला गाळ उपसला. एकाने शेततळं खणलं, म्हणून त्याच्या साडूने त्याहून हातभर मोठं खणलं. भर उन्हाळ्यात लावलेली कलमं जगावीत म्हणून धुण्याभांड्यांचं पाणी वाहून नेलं. ज्यांना काहीच सुचलं नाही त्यांनी कोंबड्यांच्या शेड उभ्या केल्या. उंबरटेपमध्ये आज अकरा पोल्ट्री शेड आहेत आणि कोंबडी एकही नाही.

मी पहिल्याच दिवशी खरं सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलंसुद्धा. हा रस्ता नाही, हे पाणी अडवायचं काम आहे, असं मी घरोघर जाऊन सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि जास्त जोरात खणायला लागले, कारण खरा रस्ता असतो तेव्हाही सरकारी माणूस असंच म्हणतो. भगीरथसरांचा सल्ला विचारला तर ते म्हणाले की विसर्ग एकदा सुरू झाला की मध्येच दार बंद करायचं नसतं. मग तिसऱ्या दिवशी गावाने फक्कीच्या रेघेवरच चर खणायला घेतले, अगदी आमच्या मापाने, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. हे मला कळेना. झाडं समजू शकते, शेड समजू शकते, पण चराचे काय मिळणार? कुणी म्हणालं, जो रेघेवर खणेल त्याचं नाव यादीत लागणार आहे. यादी कुठली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांत उतारावरचे सगळे चर पूर्ण झाले आणि संस्थेच्या निशिगंधा मॅडमना मी फोटो पाठवले, तेव्हा त्यांचा फोन आला आणि त्या चक्क रडत होत्या. इतका लोकसहभाग त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. दीप्ती, जागा तुझीच समज, असं त्या म्हणाल्या. लोक फसून राबतायत आणि त्यावर माझी नोकरी लागणार, हे मला सहन होईना.

म्हणून मी चिमाबाईंकडे गेले. चिमाबाई जयरामांची भावजय, साठी ओलांडलेली. मार्च उजाडला की त्या पलीकडच्या झऱ्यावर वाटीने पाणी भरून हंडा आणतात, दिवसाला तीन खेपा. मी त्यांना सगळं सांगितलं, पोतं, खुंट्या, जागा, सगळं, आणि रडलेसुद्धा. त्या भाकरी थापत होत्या, ती पूर्ण थापून तव्यावर टाकली आणि मग बोलल्या, “पोरी, मना पयल्या दिवशीच कललं. रस्त्याच्या खुंट्या सरळ जातान. घर बघत नाय, देव बघत नाय. तुज्या डोंगराला वलसा घालून चालल्या. असा कंचा रस्ता असतो गो?” मग यादीचं कुणी उठवलं, असं मी विचारलं. त्यांनी भाकरी उलटली. “पान्यासाठी खना म्हनून मी वीस वरसा सांगते. कोन आला?”

तरीही मी ग्रामसभेत उभं राहून सगळ्यांसमोर कबुली दिली. रस्ता नाही, मोबदला नाही, खुंट्या जुन्या आहेत, चूक माझी आहे. भगीरथसरांनी पेल्यात पाणी ओतलं आणि वेळ लिहून ठेवली. मला वाटलं, आता फावडी माझ्यावरच चालणार. पण जयराम उठले आणि भयंकर रागावले. “आमाला येडा समजलीस काय? आमी पान्यासाठीच खनला!” लगेच सगळेच रागावले. रस्त्याचं कोण म्हणालं, नाव सांग, असं मलाच विचारायला लागले. मोबदल्याच्या नादाने खणलं असं कबूल करणारा माणूस अख्ख्या गावात एकही निघाला नाही. मग शेड कशाला, असं मी चाचरत विचारलं, तर कोंबड्यांना, म्हणाले. शेवटी माझ्या गैरसमजाबद्दल मीच गावाची माफी मागितली आणि त्यांनी मोठ्या मनाने ती दिली.

तर आता सगळं छान आहे, असं तुम्हाला वाटेल. पण पाणलोटाचं काम माथा ते पायथा करायचं असतं, म्हणजे वरून खाली. आमचं झालं ते नुसतं खालचं. डोंगराच्या डोक्यावर गाढवमाळ नावाचा मोठा कातळी तुकडा आहे. तिथलं पाणी अडवलं नाही तर पावसाळ्यात वरून लोंढा येऊन खालचे चर, बांध, कलमं आणि बहुतेक पोल्ट्री शेडसुद्धा घेऊन जाईल. निशिगंधा मॅडम बुधवारी तपासणीला येणार आहेत आणि त्यांच्या फॉर्मवरचा पहिला रकाना ‘माथा’ हाच आहे. तो रिकामा राहिला तर खाली गावाने ताजमहाल बांधला असला तरी माझी जागा गेली. माळावर खणायला मालकाची लेखी संमती लागते. मालक कल्याणला राहतात. पाच वेळा फोन केला. आधी ते उचलत नव्हते, काल उचलला आणि आनंदाने म्हणाले, माळ मी विकलाय, सोमवारी मुरबाडला रजिस्ट्रेशन आहे, आता नव्या मालकालाच विचारा.

हा व्यवहार कमळाकरशेठनी जुळवला. मितेशने घरी खुंट्यांचे फोटो दाखवले होते, त्यामुळे महामार्ग गाढवमाळावरून जाणार याबद्दल शेठना आजही तिळमात्र शंका नाही. (सभेचं मितेशने त्यांना सांगितलं, पण मुलाचं त्यांनी आजवर काहीही ऐकलेलं नाही.) गिऱ्हाईकही तसंच वजनदार मिळालं म्हणे. एक निवृत्त गृहस्थ, मोजणी खात्यातले, आतली खबर असणारे. आम्ही मुरबाडला प्रशिक्षणाला गेलो होतो त्या दिवशी ते स्वतः येऊन गेले. खुंटीपाशी वाकले, आकडा वाचला, नखाने रंग खरवडला आणि म्हणाले की खुंटी अस्सल आहे, हे वळणदार अक्षर खात्यातल्याच माणसाचं आहे. लगेच टोकन दिलं आणि घरी बोलू नका एवढं बजावून गेले.

असो. पत्र फार लांबलं. गुडघ्याची काळजी घ्या, उकडतंय म्हणून फ्रिजमधलं पाणी पिऊ नका.

तुमची भाची,
दीप्ती

ता. क. मामा, ते गृहस्थ तुम्ही आहात, टोकनच्या पावतीवरचं नाव मितेशने मला वाचून दाखवलं. अक्षर ओळखीचं वाटणारच, आकडे तुम्हीच घातलेत. उंबरटेप म्हणजे मी जिथे असते तेच गाव, मी मार्चमध्ये सांगितलं होतं, पण तेव्हा शेवटची ओव्हर चालली होती. तिथून रस्ता जात नाही. ग्रॅच्युइटीचे पैसे कातळात घालू नका, सोमवारी मुरबाडला जाऊ नका, टोकन गेलं तर गेलं म्हणा. मी मामीला सांगणार नाही. एवढं कळवण्यासाठीच हे पत्र होतं.

ता. क. २. वरचं लिहून झाल्यावर चिमाबाई आल्या आणि त्यांनी लखमाकडून सबंध पत्र वाचून घेतलं. (पत्र खाजगी असतं, हे इथे कुणाला मान्य नाही.) पहिला ता. क. त्यांना अजिबात आवडला नाही. घेनारा घरचाच हाय तर नको कशाला सांगतेस, असं त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं की कल्याणवाले रस्त्याच्या भावात विकत होते. आता मामाने जाऊन कमळाकरशेठना खरं सांगावं, भाव कातळाचा करून घ्यावा आणि माळ घ्यावाच. मी त्यांना म्हटलं, ते माझे मामा आहेत, मी असं कसं सांगू? तर म्हणाल्या, मामा हाय म्हनूनच सांग. मी रात्रभर विचार केला. मामा, मला लाज वाटते आहे, पण मी विचारते.

ता. क. ३. सोबत संमतिपत्र जोडलंय. रजिस्ट्रेशन झाल्यावर दोन ठिकाणी निळ्या शाईने सही करून लखमाजवळ द्या, तो मुरबाडला बाहेरच थांबेल. मंगळवारी सगळं गाव वर चढायला तयार आहे, जयराम तर आत्ताच चढून बसलेत. खोटं मला आता कुणाशीच बोलायचं नाही, म्हणून जमीन कशी आहे ते स्पष्ट लिहिते. गाढवमाळावर काही पिकत नाही. तिथून रस्ता जाणार नाही, विजेची लाइन जाणार नाही, नाव गाढवमाळ असलं तरी गाढवंही तिकडे जात नाहीत. जातं ते फक्त पाणी, दरवर्षी, चिमाबाईंच्या दारावरून, थेट खाली. तुम्ही सही केलीत तर तेही जाणार नाही.